भिंतीपलीकडची पिवळी जास्वंद

थोरल्याचं आणि धाकट्याचं कधी पटलंच नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. बाप होता तोवर दोघं भाऊ एकाच वाफ्यात गुडघे टेकून बसायचे. थोरला एका जास्वंदीचे पराग कुंचल्यावर घ्यायचा, दुसरीच्या फुलाला लावायचा, आणि धाकटा लगेच वर कागदी पिशवी बांधायचा. बी धरलं की त्याची रोपं, आणि त्या रोपांना फुलं कसली येतील ते देवालाच ठाऊक. बापाने असंच लाल आणि पिवळीच्या संकरातून एकदा धुराच्या रंगाचं फूल काढलं होतं. ते झाड मुळं कुजून गेलं, पाठोपाठ बापही गेला. वाटणीत लाल जास्वंद थोरल्याकडे आली, पिवळी धाकट्याकडे, आणि मधे भिंत.

आता एक फूल द्यायला काय जात होतं? पण दोघंही बापावर गेलेले, आडमुठे. थोरल्याने पिवळीचं फूल मागितलं, धाकटा म्हणाला, "आधी तुझी लाल दे." मग शिव्या झाल्या, मग विटा. धाकट्याने याच्या रोपांवर गरम पाणी ओतलं, याने त्याच्या कुंड्या लाथांनी फोडल्या. मधे पडून मार खायची ती थोरल्याची बायको. त्या दिराला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं.

मरायच्या आधी बापाचं ते फूल पुन्हा पाहायचं, एवढं एकच वेड थोरल्याला उरलं होतं. एका सकाळी पलीकडे सामसूम दिसली तसा तो भिंत चढला. पराग आणायला कोरडी डबी खिशात घेतली होती. त्याने फूल खुडलं आणि फावड्याचा दांडा पाठीत बसला.

"चोरा! माझ्या घरात शिरतोस?"

"मागितलं तेव्हा दिलंस का रे?"

दुसरा दांडा तोंडावर आला. ओठ फाटला, दात पडला, तरी थोरल्याने फूल धरलेली मूठ सोडली नाही. धाकटा त्याच्या छातीवर बसून ती मूठ उकलू लागला, तेव्हा थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डाव्या हाताला कमरेची छाटणीची कात्री लागली. ती त्याने धाकट्याच्या उजव्या हातावर दाबली. अंगठा आणि शेजारचं बोट मातीत पडलं.

घरी येऊन त्याने मूठ उघडली. घामाने आणि रक्ताने परागाचा चिखल झाला होता. पराग ओला झाला की मेला, हे आयुष्यभर दुसऱ्यांना बजावणारा हा शहाणा! कोरडी डबी खिशातच राहिली होती.

तेवढ्यात पलीकडून कुऱ्हाडीचे वेडेवाकडे घाव ऐकू आले. मग पिवळीच्या फांद्या एकामागून एक भिंतीवरून येऊन पडल्या, रक्ताने माखलेल्या.

"घे! सगळी घे! कुंचला धरायला बोटंच ठेवली नाहीस मला!"

आणि धाकटा कोसळल्याचा आवाज आला. बायको किंचाळत धावली. तिनेच त्याला दवाखान्यात नेलं.

फांद्यांवर कळ्या होत्या. थोरल्याने त्या धुऊन बादलीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक उमलली. त्याला स्वतःची किळस येत होती, रडूही येत होतं, पण हात थांबला नाही. त्याने लाल जास्वंदीच्या फुलाचे स्वतःचे पराग खुडून टाकले, पिवळीचे लावले आणि पिशवी बांधली. मागे वळला तर बायको डबा घेऊन उभी.

"आज तरी राहू द्यायचं होतं हो."

"फूल उद्यापर्यंत टिकत नाही," तो खाली बघत म्हणाला. "त्याला सांग, पराग लावला म्हणावं. रोप आलं की पहिलं त्यालाच देईन."

"तुम्हीच सांगा जाऊन. मी भावोजींना भरवायला चाललेय. त्यांना घास धरता येत नाही."