देवी का हसली, हे सरांनी माझ्या आईला विचारलं

पाठक सर काल सकाळी गेले.

आमच्या घरी येऊन माझ्या आईला "रडू नका" किंवा "सावरा" असं न म्हणालेला एकमेव माणूस गेला.

इथल्या बऱ्याच मित्रांना सर माहीत नसतील. बुलढाण्याच्या कॉलेजात ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे. पण त्यांचा जीव होता प्राचीन ग्रीक भाषेत.

मलकापूरच्या भिक्षुकाच्या घरातला मुलगा. घरी संस्कृत. पुढे परदेशात जाऊन ग्रीक शिकला आणि परत येऊन आम्हाला ॲक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉइस शिकवत बसला.

स्कूटरवरून उतरून हेल्मेट घालूनच वर्गात यायचे. आम्ही हसलो की डोक्याला हात लावायचे, "सांगा ना बे आधी!"

तास संपायला दहा मिनिटं उरली की पुस्तक बंद. मग ग्रीक देव सुरू. तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलावं तसे.

आपलीच पोरं गिळणारा एक देव होता. सर म्हणाले, "राक्षस नव्हता तो. पोरं आपली गादी घेतील म्हणून भ्यालेला बाप होता. असे बाप आपल्याकडे नाहीत?"

मग खडू खाली ठेवून म्हणाले,

"माणसाला जे एकट्याने सोसवत नाही, ते तो देवाच्या अंगावर घालतो. गोष्ट खरी की खोटी, हे विचारू नका. ती सांगायची गरज कोणाला पडली, ते विचारा."

आयुष्यभर त्यांनी एवढाच प्रश्न लावून धरला.

मी सेकंड इयरला असताना माझी धाकटी बहीण शीतल गेली. सतरा वर्षांची. डेंग्यू. चार दिवसांत.

आई रडली नाही. तिने बोलणंच बंद केलं.

दिवसभर भिंतीला टेकून बसायची. लोकांच्या वावरात शेतमजुरीला जाणं बंद. भरवले तर दोन घास. नातेवाईक येऊन सांगायचे, "सावर आता. दुसरी पोरगी हाये ना तुले."

त्या दुसऱ्या पोरीने, म्हणजे मी, कॉलेज सोडलं.

तीन आठवड्यांनी सर पत्ता विचारत विचारत देऊळघाटला आमच्या घरी आले. बाबा खुर्ची आणायला धावले. तोवर सर आईसमोर जमिनीवर बसलेसुद्धा.

मला वाटलं, मला परत न्यायला आलेत.

ते आईला म्हणाले, "ताई, माह्या कामात एक अडचण हाये. पुस्तकात सापडून नाही राह्यली. तुमाले विचारू?"

आईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

सरांनी गोष्ट सांगितली. धान्याची देवी होती. तिची पोरगी फुलं तोडायला गेली, जमीन फाटली आणि पाताळाचा राजा तिला आत घेऊन गेला. आई मशाली घेऊन नऊ दिवस वणवण फिरली. पाणी नाही, अन्न नाही. मग म्हातारीचं रूप घेऊन एका गावात विहिरीजवळ बसून राहिली.

"मंग?"

आई बोलली होती. बाबांनी माझा हात धरला.

"मंग तिले एका घरी नेलं. तिथंही ती बोलेना, खाईना. त्या घरच्या कामवालीनं गमती केल्या, नकला केल्या. अन् देवी हसली. मोठेमोठे विद्वान म्हणतात, दुःख हलकं झालं म्हणून हसली. मले नाही पटत. ताई, काऊन हसली असंल ती?"

आई भिंतीपासून जरा पुढे सरकली.

"पोरगी गेल्यावर कोनाले हसू येते, सर? ते कामवाली बिचारी कवाची खपून राह्यली होती तिच्यासाठी. तिचं मन राखलं देवीनं."

सरांनी खिशातून पेन काढला. कागद नव्हता. तळहातावर लिहून घेतलं.

मग त्यांनी सांगितलं की पुढे देवीने साऱ्या पृथ्वीवरचं पीक थांबवलं.

"बरं केलं," आई म्हणाली. "आपल्या घरचं मानूस जाते अन् लोक दुसऱ्या दिवशी वावरात. समजते काय कोनाले?"

"समजत नाही."

"तिची पोरगी भेटली काय मंग?"

"भेटली. दर साली काही महिने येते आईकडं."

आई म्हणाली, "माही तं नाही येनार."

आम्हाला वाटलं, आता सर काहीतरी समजुतीचं बोलतील.

"नाही ताई," सर म्हणाले. "तुमची नाही येनार."

तेव्हा आई रडली. शीतल गेल्यापासून पहिल्यांदा. बाबा उठायला लागले तर सरांनी हातानेच त्यांना थांबवलं. तासभर तरी आई रडली. सर तिथेच बसून होते. मग चहा प्यायले आणि गेले.

लगेच सगळं ठीक झालं असं नाही. पण त्या संध्याकाळी आईने स्वतःच्या हाताने अर्धी भाकर खाल्ली. महिन्याभराने ती कामाला गेली आणि मला कॉलेजात पाठवलं.

नंतर याच गोष्टीवर सरांचं छोटंसं पुस्तक आलं. त्या हसण्याच्या जागी तळटीप होती: हा अर्थ मला देऊळघाटच्या वत्सलाबाई इंगळे यांनी सांगितला.

एका चर्चासत्राला सर मला सोबत घेऊन गेले होते. तिथे एका प्राध्यापकांनी हसून विचारलं, "शेतमजूर बाईचा संदर्भ चालतो का हो?"

सर शांतपणे म्हणाले, "ही गोष्ट पहिल्यांदा सांगणाऱ्या बायाही शिकलेल्या नसणार. त्यांच्या मुली गेल्या असणार."

आज मी सुलतानपूरच्या शाळेत शिकवते. सर नसते तर कदाचित भिंतीला टेकून बसलेल्या आम्ही दोघी असतो.

काल आई माझ्यासोबत सरांच्या घरी आली. आई देव मानत नाही. स्वर्ग-पाताळ तर मुळीच नाही.

तरी तिने सरांच्या कपाळावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली,

"जा भाऊ. शीतल भेटली तं सांगा, माय जेवते म्हना."

सर, तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा जय भीम.