दुपारची शून्यं

पंप सुरू झाला की काका आधी त्याच्या अंगावर तळहात ठेवत. थोडा वेळ डोळे मिटत आणि म्हणत, "बोलून राह्यला बरोबर." मगच रजिस्टर उघडत.

यंत्राशी अशी सोयरीक जुळलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. घाटंजी तालुक्यातल्या एका पाणीयोजनेवर काका कंत्राटी पंप ऑपरेटर होते. मी यवतमाळच्या एका लहान कंपनीत नुकताच लागलेला तंत्रज्ञ. पंपघरातल्या पाइपवर पाणी मोजणारा जुना मीटर होता. त्याला सिमकार्डवाला मॉडेम जोडायचा, म्हणजे मीटरचा आकडा मोबाइल नेटवर्कवरून थेट यवतमाळच्या पाणीपुरवठा ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसेल, एवढंच माझं काम.

मीटरमधून मॉडेमच्या डब्यात जाणाऱ्या दोन बारीक तारा काकांनी वाकून पाहिल्या. "एवढ्याशा तारेतून सारं पाणी यवतमाळले जाते?"

"पाणी नाही काका, आकडा."

"मंग मी कायले लिहू?"

"आता आराम करा," मी हसून म्हणालो. ते हसले नाहीत. दर तासाला आकडा लिहिणंही त्यांनी सोडलं नाही.

पंपघर खोलगट जागी होतं. मॉडेमला रेंज मिळेना. अर्धा दिवस मी अँटेना हातात घेऊन फिरलो. शेवटी काका म्हणाले, "टाकीच्या शिडीवर चढा, चौथ्या पायरीवर. मी पोरीले तिथूनच फोन लावतो." तिथे खरंच रेंज होती. अँटेना तिथेच बांधली. पुढे मी कधी गेलो की शिडीवर चढण्याआधी ते मला विचारत, "तुमच्या डब्याचं बोलणं झालं काय? मंग मी बोलतो."

उन्हाळा लागला आणि स्क्रीनवर दुपारची शून्यं दिसू लागली. रोज, दोन ते चार. शून्य म्हणजे पंप बंद. काकांच्या रजिस्टरात मात्र त्याच तासांचे आकडे नीट भरलेले. पाण्याची ओरड होतीच. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी त्यांना यवतमाळला बोलावलं. मलाही.

"दुपारी झोपता काय?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. "रजिस्टर तर घरी बसूनही भरता येतं."

"नाही साहेब, पंप चालूच असते." मग काका माझ्याकडे वळले. "भाऊ, तुमीच सांगा ना. तुमचा डबा चुकू शकते काय?"

चुकू शकतो, हे मला ठाऊक होतं. पण माझी पहिली नोकरी, पहिलंच काम. मी काकांकडे न बघता म्हणालो, "डेटा तर असाच येतोय सर."

काकांनी रजिस्टर टेबलावरून उचललं, काखेत धरलं आणि बाहेर गेले. आठवड्याभरात त्यांच्या जागी दुसरा माणूस आला.

पंधरा दिवसांनी मी भर दुपारी पंपघरात गेलो. टिनाच्या छताखाली भट्टी पेटल्यासारखं तापलं होतं. पंप चालू होता, मीटरवर आकडा होता, आणि मॉडेम यवतमाळला शून्य पाठवत होता. तारेचा एक स्क्रू मीच ढिला सोडला होता. उन्हाने डबा तापला की तार सुटायची, निवला की पुन्हा टेकायची. मीटरकडून उत्तर आलं नाही तर शून्य पाठव, हे सेटिंगही माझंच. उत्तर न येणं आणि शून्य, या दोन वेगळ्या गोष्टी मी एक करून ठेवल्या होत्या.

मी स्क्रू आवळला, सेटिंग बदललं आणि अहवालात लिहिलं, 'नियमित देखभाल केली.' पुढच्या बैठकीत साहेबांनी नव्या माणसाचं कौतुक केलं. आता दुपारी पंप बंद राहत नाही म्हणाले. मी तिथेच बसलो होतो.

दोन महिन्यांनी काकांच्या गावी गेलो. त्यांनी स्वतः चहा मांडला. मी सगळं सांगितलं.

"स्क्रू ढिला होता?"

"हो."

"मले सांगतलं असतं तं मीच आवळला असता." चहाचा कप त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "पण हे मले काहून सांगून राह्यले भाऊ? पंप चालू होता हे मले माहीतच होतं. ज्यायले माहीत नाही, त्यायले सांगा."

तेवढं करायला मला वर्ष लागलं. एक पानाचं पत्र, पंप चालूच होता, चूक माझी होती, एवढंच. ऑफिसात ते दिलं, पोच घेतली आणि शिक्का मारलेली प्रत दाखवायला त्यांच्या गावी गेलो.

घराला कुलूप होतं. शेजारची बाई ओट्यावर सुपात तूर पाखडत होती. "ते बाभुळगावले गेलते ना, पोरीकडं. इथं चौकात दिसले का लोकं इचारत, झोप झाली का म्हणून. तिथंच वारले, पोळ्याच्या आंधी." तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "कायचा कागद हाय?"

मी उभ्यानेच तिला पत्र वाचून दाखवलं. मोठ्याने. तिचं सूप मधेच थांबलं.

वाचून झालं तसं तिने सूप खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मी बी इचारलं होतं त्यायले."