फ्रिजमधला अक्कांचा डबा

"गार शे ना?" असं विचारत अक्का कशालाही पालथा हात लावून बघायच्या. माठाला, ताकाच्या तांब्याला, आमच्या फ्रिजच्या दाराला. उत्तराची वाट न बघता स्वतःच मान हलवायच्या आणि मग टेकायच्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जी घरात शिरल्यावर आधी वस्तूंची विचारपूस करते, मग माणसांची.

धुळ्याला देवपुरात आमच्या समोरच्या घरात त्या एकट्या राहायच्या. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. म्हातारी आई शेवटी शेवटी सोनगीरजवळच्या गावातून त्यांच्याकडे राहायला आली होती. मागच्या थंडीत ती गेली. त्यानंतर दुपारची वीज गेली की अक्का एक स्टीलचा डबा पदराखाली धरून आमच्याकडे यायच्या, कारण आमचा फ्रिज इन्व्हर्टरवर चालायचा.

"वहिनी, बर्फाच्या कप्प्यात ठेवा. उघडू नका."

"काय आहे अक्का त्यात?"

"औषध शे."

त्या गेल्यावर बायको मला हळूच म्हणायची, "औषधाला लसणाचा वास येतो हो." पण आम्ही कधी झाकण उघडलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं फिरतं घर करून घेतलं. दोन पलंग, शेगडी आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज. गल्लीनं हसून घेतलं. अक्का मात्र पायरी चढून आत आल्या आणि थेट फ्रिजपाशी गेल्या. सुरतेच्या पुढे मोठ्या बोटीत गाडी चढवून आम्ही समुद्रापलीकडे भावनगरला उतरणार, हे कळल्यावर म्हणाल्या, "भाऊ, माले नेशात? मन्हा बापू तठे राहस."

बापू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. आईच्या दिवसांनाही दोघं एकमेकांशी धड बोलले नव्हते, हे सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं.

निघायच्या दिवशी अक्कांनी पाण्याच्या बाटल्या गोठवून आणल्या आणि डब्याभोवती रचल्या. फ्रिजवर गोधडी टाकली, वरून जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. मग नवापूर गेलं, सुरत आलं, तरी दार कुणाला उघडू दिलं नाही. आम्ही कोमट पाणी प्यालो. बायकोनं हौसेनं लावलेलं दही बाहेरच राहून आंबटढाण झालं.

बोटीच्या पोटात ट्रकांच्या मध्ये गाडी लागली. तिथला माणूस खिडकीशी आला. "गॅस बंद, बॅटरी का मेन स्विच बंद, सब लोग ऊपर."

"दादा, आत औषध शे," अक्का म्हणाल्या. "मी आठेच बसस. कोनले त्रास नही देवाव."

त्याला शब्द कळले नसावेत, पण हात जोडलेले दिसले. "माजी, गाडी के पास कोई नहीं रुक सकता," तो नरमाईनं म्हणाला.

मी स्विच बंद केला. फ्रिजची घरघर थांबली. अक्कांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी उगाचच "करणं भाग आहे अक्का, नियम आहे" असं पुटपुटलो.

वर सगळी माणसं समुद्र बघत होती. अक्का आयुष्यात पहिल्यांदा समुद्रावर आल्या होत्या आणि त्याच्याकडे पाठ करून जिन्याच्या बंद दारापाशी बसल्या होत्या. वारा वाढला. बोट पलीकडच्या धक्क्याजवळ पोचली आणि तिथेच उभी राहिली. आत घ्यायला वेळ लागेल, असं भोंग्यावरून सांगितलं. अक्कांनी जिन्याच्या दाराला पालथा हात लावून बघितला.

"औषध पुन्हा मिळेल अक्का," बायको त्यांच्याजवळ बसून म्हणाली. "भावनगर मोठं गाव आहे."

"औषध नही शे वहिनी. भरीत शे. मन्ही मायना हातनं."

मग त्या तुटक तुटक बोलत गेल्या. बापू यायचा म्हणून त्या दिवशी आई अंथरुणातून उठली होती. कपाशीच्या काड्या पेटवून तिनं स्वतः वांगी भाजली, स्वतः ठेचली. आणि त्याच सकाळी अक्कांनी आतल्या खोलीतून बापूला फोन केला होता. माय बरी आहे, एवढ्यात येऊ नको, होळीला ये. आईला मात्र सांगितलं, की त्याला रजा मिळाली नाही.

"का हो अक्का?"

"वर्षभर मी तिचं करायचे. मला कधी गोड शब्द नाही. आणि हा दोन दिवस येणार, तर ती चुलीशी जाऊन बसली. मन्हा जीव जळना, वहिनी." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "ती म्हणाली, ठेव मग, तो येईल तेव्हा त्याला दे. चार दिवसांत गेली. दिवसांना तो आला, पण हा डबा त्याच्यापुढे ठेवायला मी धजले नाही."

बायकोनं त्यांचा हात धरला.

खाली गेल्यावर त्यांनी स्वतः पट्टी सोडली. बाटल्यांमधला बर्फ बराच वितळला होता. डब्याच्या कडेचं भरीत मऊ पडलं होतं, मधला गोळा अजून घट्ट होता.

बापू भावनगरबाहेर राहत होते. तोडलेल्या जहाजांमधलं लाकूडसामान विकायचं दुकान, मागे घर. अक्कांनी आमच्याच शेगडीवर भरीत गरम केलं आणि बाजरीच्या रोटल्याबरोबर त्यांच्यापुढे ठेवलं. पहिल्या घासाला बापू थांबले. हे कुणाच्या हातचं, ते त्यांना सांगावं लागलं नाही. अक्कांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. फोन कुठल्या खोलीतून केला तेही.

बापू ताटाकडे बघत राहिले.

"मला यायचंच असतं तर मी तुझं ऐकलं असतं का गं अक्का?" ते शेवटी म्हणाले. "तू येऊ नको म्हणालीस आणि मला हायसं वाटलं. दुकान सोडून यायचा कंटाळा आला होता. फोन ठेवला आणि मी झोपलो."

अक्का त्यांच्या ताटासमोर खाली बसल्या. "मंग आपन दोघेसनी फसाडं तिले," त्या म्हणाल्या.

बापूंनी रोटला मोडून भरिताबरोबर अक्कांच्या हातात ठेवला. त्यांनी तोपर्यंत ते चाखलंही नव्हतं. दोघं एका ताटात जेवली. आम्हालाही घासभर दिलं. त्यात मीठ थोडं जास्त झालं होतं, हे कुणीच बोललं नाही.

सांगून टाकल्यावर अक्का हलक्या होतील असं मला वाटलं होतं. तशा त्या झाल्या नाहीत. रात्र बसून काढल्यासारखा चेहरा घेऊन सकाळी मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जा. मी रायसू काही दिवस."

आम्ही निघालो तेव्हा बापूंनी बाजारातून भरताची वांगी आणली होती. कपाशीच्या काड्या तिथे कुठून मिळणार? त्यांनी जहाजाच्या फळ्यांचे तुकडे पेटवले होते.

"रंग शे त्याले! वांगासले बठ्ठा वास लागी जाई!" अक्का ओरडत होत्या. बापू हातानं वांगी उलटत होते, चटका बसला की बोटं झटकत होते. धूर दोघांच्याही तोंडावर येत होता. मी दोनदा हॉर्न वाजवला. दोघांपैकी कुणीच मान वर केली नाही.