कव्हरवरची दत्तूदादाची जागा

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या क्रिकेट क्लबात धावा कमी व्हायच्या आणि किस्से जास्त. चार जण ओटीवर बसले, सुपारी कातरली गेली की एका किश्श्यावरून दुसरा आठवतो. हसण्याचे पुष्कळ आहेत. काही मात्र मी दिवसाउजेडीच सांगतो!

एकोणीसशे तीस साल उजाडायच्या आधीची गोष्ट. शहराच्या वर सड्याच्या सपाटीवर, उघड्या जांभ्या दगडावर काथ्याची मॅट अंथरून आम्ही खेळायचो. क्लबातले निम्मे लोक नोकरीला मुंबईत. म्हणून एक रिवाज पडला : मैदानावरची ज्याची जागा, ती त्याचीच. तो मुंबईला असला तर जागा रिकामी ठेवायची, पण दुसऱ्याला द्यायची नाही! हा रिवाज कोणी काढला देव जाणे, पण आम्ही तो वेदवाक्यासारखा पाळला.

एकदा मंडणगडची टीम आली. त्यांच्या कप्तानानं आमची माणसं मोजली आणि भलेपणानं म्हणाला, "तुमचा एक गडी कमी दिसतो. आमचा घ्या."

आमचा कप्तान बापू तडकला. "कमी कुठंय? तो मुंबईत आहे!"

*

स्लिपमधला गोंद्या परळच्या गिरणीत लागला. त्याच्या रिकाम्या जागेतून एक कॅच निघून गेली. आमच्या बोलरनं त्याला कार्ड टाकलं, "मेल्या, तुझ्यामुळं विकेट हुकली."

उलट टपाली गोंद्याचं उत्तर, "क्षमा असावी. ऊन डोळ्यांवर आलं."

*

कव्हरची जागा दत्तूदादाची. दत्तूदादा म्हणजे बापूचा सख्खा थोरला भाऊ. हात असे, की चेंडू आपणहून येऊन बसावा. एका वर्षी शिमग्याला घरी यायला तो मुंबईहून मचव्यात बसला. तो मचवा ना आमच्या बंदराला लागला, ना माघारी गेला. बापू रोज मिरकरवाड्याच्या धक्क्यावर जाऊन खलाशांना विचारायचा. कुणी काही पाहिलं नव्हतं.

घरात वहिनी कुंकू लावून वाट बघत होती. काका म्हणायचे, "पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया उरका. त्या जीवाला गती नको?" बापू ऐकेना. मैदानावरही कव्हर रिकामी. आम्ही एकदा भीत भीत विषय काढला, तर म्हणाला, "जागा रिकामी आहे तोवर दादा यायचाय. ती भरली म्हणजे वहिनीचं कुंकू मीच पुसलं."

मग बरेच दिवस कुणाची छाती झाली नाही.

*

त्यानंतर मंडणगडवाले पुन्हा आले. त्यांचा एक नवखा बॅट्समन कव्हरकडे काही केल्या मारीना. सगळी बाजू मोकळी, आणि हा पठ्ठ्या दुसरीकडेच झोडतोय! चहाच्या वेळी मी विचारलं.

"तिकडं कसा मारू?" तो म्हणाला. "तुमचा तो टोपीवाला उभा आहे ना. हलत नाही, पण नजर सोडत नाही."

बापूनं ऐकलं आणि त्याच्या अंगावरच धावून गेला. "तिथं कोणी नाय! कोणी नाय तिथं!"

आम्हाला वाटलं, एवढं चिडायला काय झालं?

*

शेवटी आम्हीच "एका मॅचपुरतं" म्हणत बापूच्या गळी पडून विनायकाला कव्हरला उभं केलं. विनायक नवा, शाळेतून नुकताच बाहेर पडलेला, त्याला मागचं काही ठाऊक नाही. पण गडी दर ओव्हरला बाजूला सरकायचा.

"अरे, जागेवर उभा राहा की!" मी ओरडलो.

"कसा राहू?" विनायक म्हणाला. "दाटी होते हो."

दुसऱ्या दिवसापासून कव्हर पुन्हा रिकामी.

*

आणि मग कचेरीच्या टीमशी झालेली ती मॅच. दुपारचं लख्ख ऊन, सड्यावर सावली म्हणून नाही. बापू स्वतः बोलिंग टाकत होता. बॅट्समननं चेंडू उंच उडवला, थेट कव्हरवर. बापूच्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, "दादा, तुझा!"

चेंडू खाली आला. जांभ्यावर पडला की ठण्ण वाजायचा, पार उताराखाली ऐकू जायचा. आम्ही त्या आवाजाची वाट पाहत राहिलो. तो आलाच नाही.

बॅट्समन बॅट काखेत मारून निमूट चालू लागला. अंपायर आमचे ड्रॉइंगचे मास्तर, सख्ख्या मुलालाही सूट न देणारे. त्यांचं बोट वर!

"मास्तर, कॅच घेतली कुणी?" मी विचारलं.

"घेतली की!" मास्तर म्हणाले आणि मग त्यांचाच चेहरा उतरला.

तेवढ्यात कव्हरकडून चेंडू घरंगळत आला आणि बापूच्या पायाशी थांबला. काय झालं आम्हाला कळेना, पण अंगात वारं शिरल्यासारखे आम्ही टाळ्या पिटू लागलो. "दत्तूदादानं घेतली! दत्तूदादा आला!"

बापूनं चेंडू उचलला नाही. तो तिथंच मॅटवर मटकन बसला आणि हमसून रडायला लागला.

"टाळ्या कसल्या पिटताय, मेल्यांनो? जिता असता, तर आधी वहिनीकडे गेला असता!"