शाल मी घातली नाही

आमच्या लातूरच्या क्लासमध्ये पोरगं कुठं पोचलं एवढंच विचारतात; तिथं जाऊन करतं काय, हे कुणी विचारत नाही. परदेशात आहे म्हटलं की फ्लेक्स लागतो, फेटा येतो, शाल-नारळ येतो. निलंग्याकडचा माझा एक जुना विद्यार्थी परदेशातून सुट्टीवर आला होता. त्याला केमिस्ट्री मी शिकवलेली, म्हणून शाल मीच घालायची असं संचालकांनी परस्पर ठरवलं. मीही खुशीत ठेवणीतली साडी नेसून गेले.

कार्यक्रमाआधी ऑफिसात चहा घेताना मी विचारलं, "नक्की कशावर काम करतोस रे?"

"तिथल्या लष्करासाठी वायू करायलोय, मॅडम. लई भारी काम हाय." कागद ओढून त्याने हौसेने रेणू काढून दाखवला. "माणूस मरत न्हाई. नुसता आडवा होतो. श्वास जड होतो, हातपाय चालत न्हाईत."

मधोमध फॉस्फरस. बाकीची मांडणीही माझ्या चांगल्या ओळखीची होती. पिकावर फवारतात त्या औषधाचा हा सख्खा चुलतभाऊ.

माझं डोकंच फिरलं. मी शाळेत असताना लोह्याजवळच्या आमच्या शेतात कापूस फवारताना वारं उलटलं आणि अण्णा, माझे वडील, सरीतच कोसळले. जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंडाला फेस, अंग घामाने चिंब, डोळ्यांतल्या बाहुल्या तिळाएवढ्या. नांदेडचा सरकारी दवाखाना येईपर्यंत ते श्वासासाठी तडफडत होते. वाचले, पण ते काय होतं हे कळावं म्हणून मी केमिस्ट्री घेतली. आणि हा शहाणा तेच मुद्दाम, माणसांसाठी बनवतो!

"कुणावर सोडणार हे?"

"ते लष्कर ठरवतं. आपण फक्त रेणू बनवायचा."

आपण फक्त! अमोनिया शिकवताना मी दरवर्षी सांगते, की ज्याने हवेतल्या नायट्रोजनपासून खताची वाट काढली, त्यानेच पहिल्या महायुद्धात खंदकांवर क्लोरीन सोडायला लावला. संचालक म्हणतात, मॅडम, हे परीक्षेला येत नाही, पुढे चला. हाही माझ्या त्याच तासाला बसला होता.

स्टेजवर शाल हातात दिली तेव्हा मी ती परत तबकात ठेवली. माईक घेतला, हा काय बनवतो ते सांगितलं, आणि जीपमधले अण्णाही सांगितले. मी खाली उतरले तर मागे संचालकांनी घाईघाईने स्वतःच त्याला शाल घातली आणि टाळ्या वाजवायला लावल्या. मला संतापाने रडू आलं.

गेटपाशी तो धावत आला. डोळे ओले होते.

"मॅडम, तुमच्या अण्णांचं मला खरंच म्हाईत न्हवतं."

"माहीत असतं तर?"

"तुमच्या अण्णांवर मी सोडू दिलं असतं व्हय?"

"मग आता ज्यांच्यावर सोडतील, त्यांच्या घरचं तुला काय माहीत आहे?"

शाल त्याच्या अंगावर तशीच होती.