सात खणांची लाल ट्रॉली

समोरच्याशी गप्पा मारता मारता, मान जराही न वळवता, तो उजवा हात पोत्यात घालायचा आणि नेमका हवा तोच पाना बाहेर काढायचा. न बघता कसं सापडतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "हाताला माहीत असतं, ताई."

असा एखादा मेकॅनिक तुमच्याही पाहण्यात असेल. आमचा मेकॅनिक राजधानीतल्या मयूर विहार वस्तीत, मार्केटच्या मागे कडुनिंबाखाली बसायचा. मूळचा वर्ध्याकडचा. माझी स्कूटी वरचेवर बंद पडायची आणि खरं सांगू, मला त्याचं फारसं वाईट वाटायचं नाही. दिवसभर ऑफिसात हिंदी बोलून जीभ आंबते हो. स्कूटीच्या नावाने मराठीत कुरकुर करायला हक्काचं ठिकाण तेवढं एकच होतं.

पोतं साधं सिमेंटचं. त्यात पाने, पकडी, हातोडी, तारांचे तुकडे आणि एक बिस्किटांचा पुडा, असं सगळं गुण्यागोविंदाने नांदायचं.

मग गुरुग्रामहून आलेल्या एका मोठ्या गाडीवाल्याने त्या पोत्याकडे पाहून नाक मुरडलं. ते याच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून हा मोबाइलवर परदेशी गॅरेजांचे व्हिडिओ बघत बसायला लागला, आणि एके दिवशी कडुनिंबाखाली सात खणांची, लालभडक, चाकांची ट्रॉली अवतरली. आत काळा फोम, त्यात प्रत्येक पान्याच्या मापाचा खड्डा, वर कुलूप.

"सिस्टीम पाहिजे, ताई," हे त्याचं नवं पालुपद.

भानगड एवढीच होती, की ते पैसे त्याच्या बायकोने कपाटासाठी साठवले होते. लग्न झाल्यापासून बिचारीचे कपडे पलंगाखालच्या ट्रंकेत, कांद्याबटाट्यांच्या शेजारी. भाजीच्या ठेल्यावर मला भेटल्या तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "पान्यांना सात खोल्या, आणि मला ट्रंक."

माझं डोकंच फिरलं. तडक जाऊन त्याला चांगलंच सुनावलं. बायकोच्या साड्यांना कांद्याचा वास येतो आणि तू पान्यांना गाद्या घालतोस, लाज वाटत नाही का, असं बरंच काही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, पाना पुसून खड्ड्यात निजवला आणि मला सिस्टीमचे फायदे सांगितले.

फायदे आम्ही सगळे बघतच होतो. हात पुसायचे, किल्ली शोधायची, कुलूप उघडायचं, कुठला खण ते आठवायचं, चुकीचा उघडायचा, परत लावायचा. अर्ध्या तासाच्या कामाला दुपार जायला लागली. त्याचा उजवा हात मात्र अजून जुन्या सवयीने खाली पोतं शोधायचा आणि चहाच्या ग्लासात बुडायचा.

बरं, असली महागाची वस्तू रस्त्यावर ठेवणार कशी? रोज संध्याकाळी तो ती ढकलत घरी न्यायचा आणि गल्लीतली कुत्री वरातीसारखी मागून भुंकत जायची. घर एका खोलीचं. वहिनी सांगायच्या, की एकाला कूस बदलायची असली तर दुसऱ्याला उठून बसावं लागतं.

पण वहिनी भांडल्या नाहीत. भांडणारी बाई एक वेळ परवडते.

तोच गुरुग्रामवाला पुन्हा आला तेव्हा मी स्कूटी घेऊन तिथेच उभी होते. आमच्या पठ्ठ्याने छाती काढून कुलूप उघडलं, चौथा खण ऐटीत ओढला आणि आतून कडक इस्त्री केलेला पिवळाधमक परकर काढला. दोघंही त्या परकराकडे बघत राहिले. मग गाडीवाल्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "भैया, ये कौन से नंबर का है?"

पाचव्या खणात ब्लाउज होते, सहाव्यात बांगड्या, सातव्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी. मी स्कूटीला धरून हसले, नाहीतर पडलेच असते.

घरी गेल्यावर त्याने पाने कुठे गेले ते विचारलं. वहिनींनी पोळी लाटता लाटता उत्तर दिलं, "रात्रीच पोत्यात टाकलेत. हाताला माहीत असतं ना?"

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली पुन्हा पोतं. ट्रॉली घरीच राहिली, किल्ली वहिनींच्या कमरेला गेली. गाड्या पटापट दुरुस्त व्हायला लागल्या. सिस्टीम हा शब्द मी मुद्दाम काढायचे, तेव्हा त्याला नेमकं खाली वाकून काहीतरी तपासायचं असायचं.

पुढे त्याला फरीदाबादला काम मिळालं, दोन खोल्यांची जागाही मिळाली. सामान हलवायच्या दिवशी मी गेले होते. टेम्पोत भांडी कशीही कोंबलेली, पण ट्रॉली मात्र रजईत गुंडाळून मधोमध. तिला टेकून वहिनी बसलेल्या. मी म्हटलं, आता तरी खरं सांग भाऊ, एवढी महागाची ट्रॉली घेऊन काही फायदा झाला का?

"कामाला नाही झाला, ताई," तो म्हणाला. मग जरा हळू आवाजात, "पण इतक्या वर्षांत मी आणलेलं काही तिला आवडलं, असं हे पहिलंच."

"रंग चांगला आहे," वहिनी रजई सारखी करत वरून म्हणाल्या. तो लाजला. एवढा मोठा बाप्या, पोतं पोटाशी धरून चक्क लाजला.

आता स्कूटी मी मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेते. तिथेही लाल ट्रॉल्या आहेत, ओळीने मांडलेल्या. कोणी खण उघडला की माझं काम सोडून मी आत डोकावते. नुसते पाने असतात. मला त्या दोघांची फार आठवण येते.