घरच्या गाडीचा डबा

वाल्दीच्या हातचा डबा नाही अशी पिकअप सरोवराकाठच्या त्या गावात शोधून सापडली नसती. इंजिनातून निघणारी तेलकट वाफ परत आत जाऊन घाण करण्याआधी ह्या डब्यात अडते, तेल तळाशी साठतं, ते अधूनमधून ओतून टाकायचं. दुकानात कॅच कॅन म्हणून चकचकीत मिळतो, पण त्याचं नाव काढलं की वाल्दीचं डोकं फिरायचं. "ती खेळणी आहेत! नातवंडांना द्या," म्हणायचा, आणि गॅरेजमध्ये स्वतः जोडकाम करून दणकट डबा बनवून द्यायचा.

पण कॅनडातल्या मॅनिटोबाचा हिवाळा म्हणजे एक नंबरचा खाष्ट. वाफेत पाणीही असतं, ते डब्यात गोठतं, नळी बुजते. मग इंजिनाच्या पोटात दाब चढत जातो, शेवटी सील फाटतं आणि सगळं तेल रस्त्यावर. म्हणून नोव्हेंबर लागला की वाल्दी गावातल्या सगळ्या गाड्यांचे डबे काढून ठेवायचा आणि एप्रिलात परत लावायचा. भिंतीवर त्यासाठी एक लांबलचक फळी होती. प्रत्येक डब्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर रूनाच्या अक्षरात नाव.

रूना त्याची बायको. खरं तर हा सगळा कारभार तिचाच. वही तिची, लोकांना फोन तिचे. "लिओ, गुरुवारी गाडी आण. नाही आणलीस तर जानेवारीत रडत येऊ नकोस, दारात उभं करणार नाही!" असा तिचा खाक्या. वहीत एकतीस नावं होती. घरच्या गाडीचं नाव तेवढं नव्हतं. एकतिसावा डबा फळीवर गेला की रूना कॉफीचा कप घेऊन दारात यायची आणि म्हणायची, "आता आपली." मग वाल्दी कुरकुरत स्वतःच्या गाडीखाली शिरायचा. अडतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात रूनाला विनिपेगच्या इस्पितळात ठेवलं. वाल्दीने वही उघडली, एकेकाला फोन केले, एकतीस डबे काढले, वेड्यावाकड्या अक्षरात पट्ट्या लिहिल्या आणि वही मिटली. दारात कुणी आलं नाही.

दर रविवारी रूनाची बहीण थोरा त्याला आपल्या गाडीतून इस्पितळात न्यायची. नोव्हेंबर संपता संपता अशाच एका रविवारी रूनाने विचारलं, "डबे काढलेस सगळे?"

"काढले की. एकतीसच्या एकतीस."

"आणि आपला?"

आपला! तिथे कुठे त्याच्या लक्षात आलं. पण नाही म्हटलं असतं तर बाई तेवढीच काळजी करत पडली असती. "काढला गं," तो म्हणाला, "मला काय कालचं पोर समजतेस?"

ती हसली. "तुझा भरवसा नाही म्हणून विचारलं रे."

उद्या सकाळी काढायचाच असं त्याने पक्कं ठरवलं होतं. पण सकाळी बर्फाखाली जाळी टाकणाऱ्या मासेमारांची बर्फगाडी दुरुस्तीला आली, परवा दुसरी आली. कडाक्याची थंडीही त्या वर्षी उशिरा पडली. गाडी घर ते गॅरेज पाच मिनिटं चालायची, इंजिन धड तापायच्या आत बंद व्हायचं. डब्यात पाणी साठत राहिलं आणि गोष्ट राहून गेली ती गेलीच.

डिसेंबरच्या मध्यावर पारा उणे अडतीसवर उतरला. मंगळवारी सकाळी नऊला थोराचा फोन आला. ती आठवडाभर बहिणीपाशीच मुक्कामाला होती. "वाल्दी, आत्ता नीघ. डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस."

त्याने अंगावर कोट चढवला न चढवला, गाडी काढली. शहर दीड तासावर. पस्तीसेक मैल झाले असतील, तोच तेलाचा लाल दिवा लागला. जळक्या तेलाचा वास आला आणि वाल्दी समजला. बॉनेट उघडायची गरजच नव्हती, तरी उघडलं. नळी दगडासारखी गोठलेली. मागे पांढऱ्या रस्त्यावर काळी रेघ लांबवर गेली होती.

"गाढवा!" तो स्वतःवरच ओरडला. "अरे गाढवा, एक डबा!"

फोनला सिग्नल नव्हता. पाऊण तासाने आला तो रस्त्यावरचा बर्फ सारणारा ट्रक. चालवणारी डोरीन नावाची बाई होती. तिने त्याला वर घेतलं आणि बघतच राहिली.

"अय्या, डबेवाले वाल्दी ना तुम्ही? माझ्या गाडीचा डबा तुमच्याच फळीवर आहे की! काय झालं गाडीला?"

"सील गेलं."

"म्हणजे डबा काढला नव्हता? तुम्ही? कमाल झाली काका!" ती खो खो हसली.

"बायको जायला टेकलीय माझी," वाल्दी म्हणाला.

डोरीनचं हसू जागच्या जागी विरलं. तिने जमेल तेवढा वेग घेतला, पण पुढचा बर्फ सारल्याशिवाय तो ट्रक तरी किती पळणार? ताशी वीस मैल. वाल्दी मांडीवर मुठी आवळून काचेपुढे उडणारा बर्फ बघत राहिला. पुढच्या गावात डोरीनने स्वतःच्या भावाला हाका मारून मारून घराबाहेर काढलं आणि त्याच्या गाडीत वाल्दीला बसवलं.

तो इस्पितळात पोचला तेव्हा दोन वाजत आले होते. रूना सव्वा वाजता गेली होती.

तो खाटेशी बसला, तिचा हात हातात घेतला आणि लहान मुलासारखा रडला. थोरा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्याला तेवढंच बरं वाटावं म्हणून ती सांगू लागली, "शेवटपर्यंत शुद्धीत होती. सारखी दाराकडे बघायची. मी म्हटलं, एवढ्या थंडीत गाडी बंद पडली असेल कुठे. तर मलाच रागे भरली. म्हणाली, आमची गाडी नाही बंद पडायची. डबा काढलाय त्याने, मला सांगितलंय. निघालाय तो, येईल. मनाला घोर नव्हता बघ तिच्या."

 वाल्दी मान हलवत राहिला.

एप्रिलात लोक आपापले डबे लावून घ्यायला आले. वाल्दीने एकतीस डबे लावले, एकालाही टोमणा मारला नाही. मग दुरुस्त केलेल्या स्वतःच्या गाडीला तोच जुना डबा परत लावायला घेतला. लिओला राहवलं नाही. "फेकून दे ना तो, वाल्दी. ज्याने एवढा घात केला तो कशाला बाळगतोस?"

"लागणार आहे मला," एवढंच तो म्हणाला.

नोव्हेंबरच्या एक तारखेला त्याने अजून कुणालाच फोन केला नव्हता. गॅरेजचं दार उघडं ठेवून तो आधी आपल्या गाडीखाली शिरला. डबा काढला, पुसला, पट्टीवर नाव लिहून रिकाम्या फळीवर पहिला ठेवला. कॉफीचे दोन कप त्याने सकाळीच भरून ठेवले होते, एक एव्हाना गार झाला होता. त्याने दाराकडे बघितलं.

"काढला गं," तो म्हणाला. "ह्या वेळी खरंच काढला."